सारवणावरची पावलं

बारामती,
१८ जुलै १९५५

तीर्थरूप दादांस,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

‘बाईमाणसानं पळावं ते उतू जाणाऱ्या दुधामागं.’ हे वाक्य तुमच्या लक्षात आहे का? माझ्या आहे. तुम्ही पुण्याला कॉलेजात होतात. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलात की गोठ्यामागच्या दगडी भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत बसायचात. निसटलेला चेंडू निवडुंगात जायचा आणि तो आणायला मी. एकदाच म्हणाले, “दादा, एक मला मारू द्या.” तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. आबा ओट्यावर बसले होते, ते खो खो हसले. मीही हसले. तळपायातला काटा काढत हसले.

आज ते लिहायचं कारण असं की मी टेनिस शिकायला लागले आहे. हसू नका. हसायचं काम इथं पुष्कळ माणसं करतात.

आमच्या कॅनॉल खात्याच्या वसाहतीमागं साहेबांच्या काळातलं कोर्ट आहे, तुम्ही पाहिलं आहे. साहेब गेल्यावर गावातल्या वकील-डॉक्टरांनी तिथं क्लब काढला. तुमचे कॉलेजमधले मित्र जोतीराम वकील त्याचे सेक्रेटरी. डॉक्टरांच्या सिंधूताईंनी सभेत विचारलं की बायकांनाही एक दिवस का असू नये. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मंगळवार दिला, दुपारी तीन ते साडेचार. त्या उन्हात पुरुष कुणी येतच नाहीत, म्हणून दिला. दिला तो घेतला.

आम्ही पाचजणी होतो. आता सिंधूताई आणि मी उरलो. शिकवायला बिरदेव आहे, क्लबचा मार्कर, साहेबांबरोबर खेळलेला म्हातारा. शिकवणं म्हणजे टोमणे मारणं अशी त्याची समजूत आहे. परवा मला म्हणाला, “बाई, चेंडू हाय त्यो, झुरळ न्हाय.” चेंडू माझ्या हातून एकतर जाळ्यात जातो, नाहीतर उडून कालव्यात. कालव्यात गेला की बिरदेव काठावर उभा राहून ओरडतो, “गेला इंदापूरला! भावाच्या उसाला पाणी द्याया गेला!” घरी आले की हे विचारतात, “आज कालव्याला किती वाहिले?” मला इतका राग येतो की पोळ्या जाड होतात.

बेचाळिसाव्या वर्षी हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. मला ठाऊक नाही कशाला. एवढं ठाऊक आहे की पहिल्या दिवशी रॅकेट हातात घेतली तेव्हा तिच्या मुठीचा वास मला ओळखीचा वाटला. चामड्याचा आणि घामाचा. तुमची रॅकेट मी भिंतीपासून माजघरापर्यंत नेऊन ठेवायची ना, तोच.

यांची रॅकेट जड आहे, मनगट सुजतं. तुमची खुंटीवर नुसती टांगलेली असेल तर कुणाबरोबर तरी पाठवाल का? वहिनींना नमस्कार.

आपली,
मुक्ता

⁕

इंदापूर,
२९ जुलै १९५५

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. उसाची बांधणी चालू असल्याने उत्तरास वेळ लागला.

मी असे काही वाक्य बोललो असेन असे मला वाटत नाही. बोललो असलो तर थट्टेने. भावाची थट्टा इतकी वर्षे उराशी धरून ठेवणे हे सुशिक्षित बाईला शोभत नाही.

टेनिसबद्दल माझे मत विचारलेले नाहीस, तरी वडील भाऊ म्हणून सांगतो. मोहनराव नोकरीच्या गावी राहतात, तिथल्या चालीरीतींप्रमाणे त्यांना वागावे लागते, हे मी समजू शकतो. त्यांनी हौसेने तुला नेले असेल. चार दिवस हौस करावी आणि सोडून द्यावी. मुलगा कॉलेजात गेला, उद्या सून येईल. गुडघे एकदा गेले की परत मिळत नाहीत.

रॅकेटच्या तारा उंदरांनी खाल्ल्या. ती आता कामाची नाही.

चेंडू उडतो याचे कारण तू मनगट सैल सोडत असणार. मनगट घट्ट धरावे आणि खांद्यापासून हात फिरवावा. डावा पाय पुढे. चेंडूकडे शेवटपर्यंत पाहावे, तो कुठे जाईल तिकडे नव्हे. हे केवळ माहितीसाठी.

हिंदुराव

⁕

बारामती,
३१ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी ते फाडणार होते. मग ‘मनगट घट्ट’ एवढ्या एका ओळीसाठी ठेवलं.

मला कुणी हौसेनं नेलेलं नाही. मी गेले. हे आपलं वर्तमानपत्र वाचत बसले होते.

हा खेळ किती चिडका आहे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. भिंतीवर मारताना तुम्ही किती सहज उभे असायचात! मला वाटायचं, हात आहे, चेंडू आहे, त्यात काय. आता कळतं. सर्व्हिस करायची म्हणजे आधी चेंडू स्वतःच वर उडवायचा. तो सरळ वर जात नाही. ज्या हातांनी मी आयुष्यभर भाकरी थापली, पाळणा हलवला, त्या हातांना एक चेंडू डोक्यावर सरळ उडवता येत नाही. पडलेला उचला, पुन्हा उडवा. बिरदेव तिकडं विडी ओढत म्हणतो, “देवाला फूल वाहताय का काय? वर टाका की!” एकदा मी रॅकेट जमिनीवर आपटली. तेव्हा तो पहिल्यांदा खूश झाला. म्हणाला, “आत्ता कुटं सायबावानी खेळाया लागलात.”

तुमची ओळ खरी ठरली, याचा मला फार राग आला. मनगट घट्ट धरलं, चेंडूकडं पाहत राहिले, आणि एक चेंडू असा लागला दादा, की हाताला काही कळलंच नाही. ताकद नाही, झटका नाही. नुसता एक गोल आवाज आला, आणि चेंडू जाळ्यावरून गेला जिथं जायचा तिथं. सिंधूताई तो परतवायच्या विसरल्या. दिवसभर तो आवाज माझ्या कानात होता. भिंतीवरून यायचा तोच. तुम्हाला तो रोज मिळत होता आणि तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

आणखी एक. बिरदेवनं मला विचारलं, “बाई, चेंडू कुटं पडंल ते तुमाला आदी कसं कळतं? मारता येत न्हाय, पन पोचता मातर तितंच.” मी म्हटलं, बाबा, लहानपणी भावाचे चेंडू आणायचे. काट्यात जायच्या आत गाठायचा तर रॅकेटला लागतानाच ओळखावं लागायचं. तो मान हलवत राहिला. मी मात्र घरी येऊन खूप वेळ चिडून बसले. तुम्ही हात शिकलात आणि मी पाय शिकले. तेव्हाच एकदा रॅकेट दिली असतीत तर?

आता खरी रडकथा. गेले कित्येक मंगळवार आम्ही खेळलोच नाही. कोर्ट शेणामातीनं सारवलेलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. सरुबाई आठवड्याला सारवते. पण आम्ही तीनला जाऊन पाहावं तर कोर्ट ओलं. हिरवंगार, चमकत असतं. सरुबाई हौदावर हात धूत म्हणते, “आत्ताच झालंया, बाई.” आम्ही बाहेरच्या बाकावर बसून सुकायची वाट पाहतो. ते सुकतं साडेपाचला. तेव्हा पांढऱ्या विजारी घालून पुरुषमंडळी येतात. सिंधूताई म्हणतात योगायोग आहे. असेल.

जोतीरामरावांना तुम्ही दोन ओळी लिहाल का, की सारवण दुसऱ्या दिवशी ठेवावं? त्यांचा तुमच्यावर लोभ आहे.

मुक्ता

⁕

इंदापूर,
९ सप्टेंबर १९५५

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

जोतीरामच्या कारभारात मी लक्ष घालणे बरे दिसत नाही. क्लब त्यांचा, सोय त्यांची. कोर्ट ओले असेल तर घरी परतावे. त्यात मानापमान नाही. गौरी-गणपती तोंडावर आहेत, घरात तुला कामे कमी नसतील.

सर्व्हिसला चेंडू उडवताना हात सरळ ठेवावा, कोपर वाकवू नये.

हिंदुराव

⁕

बारामती,
२२ सप्टेंबर १९५५

तीर्थरूप दादांस,
नमस्कार.

जोतीराम वकिलांचं पत्र तुम्हाला आलं असेल किंवा येईल. त्यांच्या आधी नाही पोचलं तरी बरोबरीनं माझंही पोचावं म्हणून लिहिते.

मंगळवारी गणपती बसलेले असतानाही आम्ही दोघी गेलो. कोर्ट ओलं होतं. ऊन लख्ख, आणि कोर्ट आपल्या आईच्या माजघरासारखं सारवलेलं, बोटांच्या अर्धगोल रेघा दिसाव्यात असं. सिंधूताई म्हणाल्या, “चला, परत.” मी सरुबाईला विचारलं, “पूर्वी कोणत्या वारी सारवायचीस गं?”

“आयतवारी सकाळी.”

“मग मंगळवार कधीपासून?”

“तुमी बायका याया लागल्यावर थोड्या दिसांनी. वकीलसायबांनी सांगितलं, मंगळवारी बारा वाजता हात घालायचा म्हून. मला वाटलं तुमास्नी ठावं असंल.”

मला ठाऊक नव्हतं. दादा, तुम्हाला कधी अंगावरून मुंग्या गेल्यासारखं झालंय का? मी कोर्टाच्या कडेला उभी राहिले. तरी पाय उचलेना. आई सारवण झालं की उंबऱ्यावर आडवं मुसळ ठेवायची आठवतं? तुम्ही ते ओलांडून जायचात आणि आई “अरे माझ्या कर्मा” म्हणून मागून परत हात फिरवायची. मी कधी ओलांडलं नाही. माझ्या पायालाच ते माहीत आहे. बाईनं घातलेलं सारवण बाई मोडत नाही. तिथं ना कुलूप होतं, ना पाटी, ना पहारा. नुसतं ओलं शेण आणि आम्ही दोघी शहाण्या बायका बाकावर.

मी बूट काढले. सरुबाईला म्हटलं, “उद्या सकाळी तुझ्याबरोबर मी सारवीन, शब्द देते.” ती म्हणाली, “अवो बाई, न्हाय न्हाय,” आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी पाय टाकला. गार लागलं. घोट्यापर्यंत शहारा आला. पाठोपाठ सिंधूताईंनी काष्टा खोचला.

ओल्या कोर्टावर चेंडू उसळत नाही. पडला की थप्पकन बसतो, शेणाच्या गोवरीसारखा. तेव्हा तो पडूच द्यायचा नाही, एवढाच मार्ग. आम्ही पुढं सरकलो आणि वरच्या वर मारत राहिलो. सिंधूताई मारायच्या, मी तिथं असायची. आधीच असायची. घसरलो, पडलो, उठलो, लुगडी हिरवी झाली. बिरदेव बाहेरून ओरडत होता, “बाई! ह्ये काय चालवलंय! अगं माझी माय!” आणि मग मधेच, स्वतःला विसरून, “मारा! आडवी मारा!” मारली. हात पहिल्यांदा पायाइतका वेळेवर पोचला. आयुष्यात इतकी चिडलेली मी नव्हते आणि इतकी आनंदीही नव्हते. दोन्ही एकाच वेळी असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपदाच्या उन्हानं साडेपाचपर्यंत कोर्ट वाळवलं. पावलांसकट. टाच, अंगठा, पाचही बोटं, आणि दुसऱ्या बोटाशी जोडव्याचा गोल. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुरुषमंडळी आली आणि खेळूच शकली नाहीत. पावलांत पडलेला चेंडू कुठंही उडायचा. वकील मोठ्यानं म्हणाले, “कुणाची आहेत ही?” तेव्हा तुमचे मेहुणे, आयुष्यात सभेत तोंड न उघडलेले, हातातली रॅकेट बगलेत घेऊन म्हणाले, “जोडवी मीच घातलीत. आमच्या घरची आहेत.” हे मला सिंधूताईंच्या डॉक्टरांकडून कळलं. घरी यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. फक्त कालव्याचा विनोद केला नाही.

बुधवारी पहाटे मी सरुबाईबरोबर सारवायला बसले. अजून नखांत हिरवं आहे. त्याच हातानं हे लिहिते आहे.

मुक्ता

⁕

इंदापूर,
२८ सप्टेंबर १९५५

सौ. मुक्ता हिस,

जोतीरामचे पत्र आले. मागोमाग तुझे. तुझ्या पत्रात पश्चात्तापाचा शब्द शोधला, सापडला नाही.

तू कोणाची मुलगी आहेस, कोणाची बहीण आहेस, याचा विचार त्या पावलांनी केला नाही. बाईची पावले लक्ष्मीची असतात. ती उंबऱ्याच्या आत शोभतात. वीस पुरुषांनी उभे राहून तुझ्या पायाची बोटे पाहिली, आणि मोहनरावांना तिथे उभे राहून ती आपली म्हणावी लागली. मी तिथे असतो तर लाजेने मेलो असतो.

आता स्पष्टच सांगतो. क्लबातल्या बऱ्याच जणांना बायकांचा दिवस बंदच करायचा होता. तसा ठराव येणार होता. जोतीरामने मला विचारले, तुझी बहीण आहे, काय करू? मी म्हटले, कोणाला नाही म्हणून दुखवू नकोस. मंगळवारी दुपारी सारवण ठेव. घरंदाज बायका ओल्या सारवणावर पाय देत नाहीत. दोन महिन्यांत आपोआप कंटाळतील, कोणाचा अपमान होणार नाही. ही कल्पना माझी होती आणि तुझ्याच मानासाठी होती. ठरावात तुझे नाव येऊन चर्चा झाली असती, ते मी टाळले. तू ते ओळखायला हवे होतेस. निदान ओळखल्यावर गप्प बसायला हवे होतेस.

आता क्लबाने तुमचा दिवस बंद केला आहे. तू लेखी माफी मागितलीस तर जोतीराम प्रकरण मिटवील. सिंधूताईंच्या वतीने डॉक्टरांनी माफी मागितली आहे. तूही माग. ती गेल्याचे मला जोतीरामकडून कळेपर्यंत भाऊबीजेला इकडे येण्याची तसदी घेऊ नये. मला चार लोकांत बसायचे असते.

हिंदुराव

⁕

इंदापूर
२९ आक्टोबर

मुक्तावन्सं यास्नी ठमावैनीचा नमस्कार.

अक्षर वाकडं हाय, वाचून घ्या. साक्षरता वर्गात शिकल्यापासनं ह्ये माजं पयलंच मोठं पत्र. तुमचं दादा दुपारचं पळसदेवला गेल्यात म्हून लिवते.

तुमचं पत्र यीना. दादा रोज टपालाच्या येळेला वसरीवर येत्यात, पोस्टमन गेला की मला वरडत्यात. चहा गार, भाजी खारट. म्या म्हनलं, तुमीच येऊ नको म्हनलासा न्हवं? तर ताट सारून उठलं.

वन्सं, उंदराचं खोटं हाय. रॅकीट चांगली हाय. दरसाल खंडेनवमीला कोयता, कुदळ, नांगराचा फाळ मांडत्यात, त्यात रॅकीट बी मांडत्यात. तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल. तारंला त्याल लावत्यात. गडी हसत्यात पाठीमागं. औंदा मांडली न्हाय. म्या इचारलं, ती कुटं हाय? म्हनलं, मोडली. पन माळ्यावर पोत्यात गुंडाळल्याली म्या बघितली हाय.

आनी एक. तुमचं पावलाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिशी म्या धारंला उठले. गोट्याच्या मागं टप टप आवाज. वाकून बघतीया तर धनी धोतर खोचून भिताडावर चेंडू मारत्यात. दोन-तीन मारलं. मग एक सुटला, निवडुंगात गेला. थोडा येळ तसंच हुबं ऱ्हायलं, कुनी आनंल म्हून. तितं कोन हाय? मग सोताच गेलं, वाकलं, गुडघा धरून खालीच बसलं. म्या पुढं झाले न्हाय. झाले असते तर मला बी ऐकून घ्यावं लागलं असतं. ह्ये म्या सांगितलं म्हून लिवू नका, माजं हाल व्हतील.

मला राग येतो वन्सं. तुमाला निदान रागवून पाय टाकाया जागा हाय. माजं सारवण मीच घालायचं, मीच सुकवायचं, आनी पयला पाय त्येंचा. दूध उतू गेलं तर बी म्या पळत न्हाय आता, जाऊ दे म्हनते. कालव्याच्या चारीवर धुनं धुताना तुमचा चेंडू वाहत येतोय का बघते. अजून आला न्हाय.

माफी मागू नका. पन भाऊबीजंला या. माहेर काय त्येंच्या एकट्याचं न्हाय.

ठमा

⁕

बारामती,
६ नोव्हेंबर १९५५

दादा,

मी माफी मागितलेली नाही. मागणार नाही. आणि भाऊबीजेला मी येणार आहे. दुपारच्या मोटारीनं इंदापूरला उतरेन. दार लावलंत तर ओट्यावर बसेन. आबांच्या ओट्यावर, जिथं बसून ते हसले होते.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिलेला प्रत्येक कागद रागानं फाडत होते. हा फाडणार नाही. राग तेवढाच आहे.

तुम्ही म्हणता, माझ्या मानासाठी केलंत. ठराव झाला असता तर मी सभेत जाऊन भांडले असते, हरले असते, आणि मला कळलं असतं की कुणी मला नाही म्हटलं. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. तुम्ही आईला माझ्या वाटेत आणून बसवलंत. मुसळ आडवं टाकून. तिचंच शिकवलेलं, तिच्याच लेकीविरुद्ध. आणि पुन्हा मला सर्व्हिस कशी करावी ते शिकवत होतात, कोपर वाकवू नये म्हणून. एका हातानं शेण, एका हातानं चेंडू. मी ती दोन पत्रं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. अक्षर एकच आहे.

आणि ते दुधाचं वाक्य. तुम्ही विसरलात, ठीक आहे. पण तेव्हा मी दुधामागं पळत नव्हते हो. तुमच्या चेंडूमागं पळत होते. भर उन्हात, अनवाणी, निवडुंगात. गावातली माणसं येत-जात होती, तेव्हा माझी बोटं कुणी पाहिली नाहीत. कुणाला लाज वाटली नाही. बाईनं पळावं, एवढंच की चेंडू दुसऱ्याचा असावा.

क्लबातला मंगळवार बंद झाला तरी मी खेळणं सोडलं नाही. कालव्याच्या गोदामाची मागची भिंत आहे, तिच्यावर मारते. भिंत चांगली आहे, ती टोमणे मारत नाही, आणि घेतलेलं सगळं परत देते. परवा एक चेंडू चुकून कालव्याकडं गेला. हे शेजारच्या मोरीच्या कठड्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. उठले, चप्पल शोधली, उताराच्या गवतातून चेंडू आणला आणि माझ्या हातात दिला. परत जाऊन वाचू लागले. दादा, मी तो चेंडू हातात धरून कितीतरी वेळ मारलाच नाही. मला आठवेना, माझ्यासाठी याआधी कुणी चेंडू आणून दिला होता का. कुणी नव्हता दिला.

म्हणून हे मागते आहे. ओवाळणीच्या ताटाशी तुम्ही दरवर्षी विचारता, “काय हवं, माग,” आणि मी “तुमचा आशीर्वाद” म्हणते, आणि वहिनींनी आधीच आणून ठेवलेलं लुगडं तुम्ही ताटात टाकता. या वर्षी लुगडं नको. आशीर्वादही राहू द्या. ओवाळून झाल्यावर ऊन उतरेल, तेव्हा गोठ्यामागं चला. तुमची ती तारा खाल्लेली रॅकेट मला द्या; तुमच्या घरचे उंदीर दयाळू आहेत, मारण्यापुरत्या तारा त्यांनी ठेवल्या असतील. मी भिंतीवर चेंडू मारीन. आणि तुम्ही मागं उभं राहायचं. निसटला की तुम्ही आणायचा.

निवडुंग अजून तिथंच असेल. पळायला सांगत नाही. तुमचंही वय झालं. सावकाश जा, गुडघ्यावर हात ठेवून वाका, मी थांबेन. गडी पाहतील, वहिनी पाहतील. पाहू देत. एकच संध्याकाळ, अंधार पडेपर्यंत. चेंडू माझ्या हातात आणून द्यायचा, लांबून फेकायचा नाही.

तुम्ही नाही म्हणणार आहात. हे लिहिण्याच्या आधीपासून मला ठाऊक आहे. पण ते पत्रानं कळवू नका, जोतीरामरावांकरवी कळवू नका, आणि भिंतीपुढची जमीन आदल्या दिवशी सारवून ठेवू नका. मी निरांजन घेऊन समोर उभी असेन तेव्हा, माझ्याकडं बघून, तोंडानं नाही म्हणा.

मुक्ता